सिस्टीम्स इंजिनिअरिंगवरचा खर्च वसूल झाला की नाही, हे मोजायचं कसं?

वेर्णे_पॅनेल | ९ जून, रात्री ८:४०

नमस्कार मंडळी. विभाग बरोबर निवडलाय ना, ते संपादकांनी पाहावं.

औषध कारखान्यांसाठी पाणी शुद्धीकरण, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), स्काडा (यंत्रणा पडद्यावर पाहून चालवायची संगणक प्रणाली) असं मिळून ५ ते ८ कोटींचं एकेक काम असतं. त्यात गरजांचा दस्तऐवज करणं, इंटरफेसचे (दोन यंत्रणा जिथे एकमेकींना जोडतात त्या जागांचे) तक्ते भरणं, डिझाइनचे आढावे घेणं, चाचण्यांची आखणी या सगळ्याला मिळून आम्ही सिस्टीम्स इंजिनिअरिंग म्हणतो. पुढे नुसतं 'एसई' लिहितो. यावर कामाच्या किमतीच्या ४ ते १० टक्के पैसा जातो आणि व्यवस्थापनाचा सवाल असतो: "यातून सुटलं काय?"

परताव्याचं सूत्र कोणालाही पाठ असतं: वाचलेला पैसा वजा एसईचा खर्च, भागिले एसईचा खर्च. घोडं अडतं ते 'वाचलेला पैसा' या शब्दावर. जी चूक झालीच नाही तिचं बिल दाखवायचं कुठून? प्रत्यक्ष मोजणारे, मोजायची पद्धत माहीत असणारे लोक हवे आहेत. "एसई महत्त्वाचं असतं" हे मान्यच आहे, ते पुन्हा नको.

फर्मागुडी_टेकडी | ९ जून, रात्री ९:३५

आधी बाहेर काय मोजलं गेलंय ते मांडतो, म्हणजे चर्चेला पाया मिळेल.

एरिक ऑनर यांनी २०१३ साली युनिव्हर्सिटी ऑफ साउथ ऑस्ट्रेलियात याच विषयावर पीएचडी केली. प्रकल्पाच्या एकूण खर्चात एसईचा वाटा किती आणि खर्च व वेळापत्रक किती घसरलं, याची त्यांनी सांगड घातली. मध्यम स्वरूपाच्या प्रकल्पाला सगळ्यात किफायतशीर वाटा निघाला सुमारे १४.४ टक्के. एसई जवळपास शून्य असेल तिथे पुढच्या रुपयाला ७ रुपयांपर्यंत परतावा, आणि मध्यम पातळीवर असलेल्यांना साडेतीन. आलेख वाटीसारखा आहे. कमी केलंत तरी खर्च वाढतो, गरजेपेक्षा जास्त केलंत तरी वाढतो. शिवाय त्यांनी नुसते तास धरले नाहीत, कामाच्या दर्जाचं वजन लावून धरले. निकृष्ट दर्जाचे शंभर तास म्हणजे शंभर तास नव्हेत.

दुसरा अभ्यास २०१२चा, कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटचा, बहुतेक संरक्षण क्षेत्रातल्या १४८ प्रकल्पांवर. एसई कमी असलेल्या गटात चांगली कामगिरी करणारे प्रकल्प १५ टक्के, मधल्या गटात २४, जास्त असलेल्या गटात ५७.

हिशेबनीस_म्हापसा | ९ जून, रात्री १०:२०

फर्मागुडी सर, आकडे चोख दिलेत, पण ते व्यवस्थापनापुढे जसेच्या तसे ठेवू नयेत. दोन कारणं.

एक, ७ हा आकडा सरासरी नाही, एसई जवळपास शून्य असताना वाढवलेल्या पुढच्या रुपयाचा तो परतावा आहे. उपाशी माणसाला पहिल्या भाकरीचा जो गुण येतो तो चौथ्या भाकरीला येत नाही. ज्यांचं एसई आधीच ८ टक्के आहे त्यांनी "रुपयाला सात" असं लिहून दिलं तर पुढच्या वर्षी त्यांचंच तोंड बंद होईल.

दोन, १५ आणि ५७ ही सांगड आहे, कारण नव्हे. ज्या संस्थेत चांगला प्रमुख, अनुभवी माणसं, शहाणा ग्राहक असतो तिथे एसईही नीट होतं आणि कामही वेळेवर होतं. यातला किती वाटा एसईचा? ते वेगळं काढल्याशिवाय लेखापाल सही करणार नाही, आणि करूही नये.

फर्मागुडी_टेकडी | ९ जून, रात्री १०:४८

दुसरा मुद्दा रास्त आहे. त्या अभ्यासात प्रकल्पांची अवघडताही पाहिली होती. अवघड प्रकल्पांपुरतं पाहिलं तर फरक आणखी ठळक होतो, ८ टक्क्यांवरून ६२. नुसती चांगली माणसंच कारण असती तर अवघड कामांतच फरक इतका का रुंदावला असता, असं विचारता येतं. पण हा पुरावा नाही, तर्क आहे, हे मान्य.

मुरगावकर | ९ जून, रात्री ११:१५

बाहेरचे अभ्यास राहू देत बाजूला. स्वतःच्या कामात मोजायचं असेल तर एकच वही लागते: बदल-नोंदवही. प्रत्येक दुरुस्तीला एक ओळ. रकाने असे: काय बदललं, चूक कोणत्या टप्प्यात शिरली, कोणत्या टप्प्यात सापडली, तास, माल, वाट पाहण्यात गेलेले दिवस, इंटरफेसचा क्रमांक, कारणाचा संकेत.

यातल्या 'शिरली' आणि 'सापडली' या दोन रकान्यांतून चौकट तयार होते. उभ्यात शिरल्याचे टप्पे, आडव्यात सापडल्याचे. जिथे शिरली तिथेच सापडली तर कर्णावर पडते, ती स्वस्त. कर्णापासून जितकी उजवीकडे तितकी महाग. बॅरी बोम यांनी १९८१च्या पुस्तकात हेच दाखवलं: मोठ्या कामात गरजांतली चूक वापरात आल्यावर सापडली तर दुरुस्ती शंभरपटीच्या घरात जाते, लहान कामात चार ते सहापट. स्वतःचं गुणोत्तर स्वतःच्या वहीतून काढावं.

बोटीवरचं एक उदाहरण. बोटीची वीज ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ. धक्क्यावरची वीज ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ. जनरेटर अजून चालू व्हायचे असतात म्हणून धक्क्याच्या विजेवर पंपाची चाचणी घेतात. वेग उतरतो ५/६ वर, म्हणजे प्रवाह ८३ टक्के, पण दाब वेगाच्या वर्गात उतरतो, ६९ टक्के. स्वीकृतीच्या कागदावर आकडा ६० हर्ट्झचा. पंप नापास. मग पंपवाल्याला बोलवा, पंप खोला, इंपेलर (आतलं फिरतं चाक) मोजा. चूक पंपात नाहीच, ती चाचणीच्या अटींत आहे. चाचणी-आराखड्यात "फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टरवरून, ६० हर्ट्झ" ही एक ओळ लिहायला दहा मिनिटं लागतात. वहीत हा खर्च 'चाचणी आखणी' या टप्प्यात शिरला आणि 'धक्क्यावरच्या चाचणीत' सापडला असा पडतो.

डिचोली_वर्कशॉप | १० जून, सकाळी ७:०५

मोठ्या बोटींना ठीक. ४० लाखांच्या कामाला हे सगळं परवडत नाही. तिथे फोरमनचं डोकं हेच एसई.

सांतेरी | १० जून, सकाळी ९:३०

डिचोलीबाब, बोम, वलेर्डी आणि ऑनर यांनी २००८ मध्ये १६१ सॉफ्टवेअर प्रकल्पांवरून याचंच उत्तर काढलं होतं. १० हजार ओळींच्या कामाला रचना ठरवण्यावर सुमारे ५ टक्के पुरे, १ लाख ओळींना २०, १ कोटी ओळींना ३७. आकार वाढला की इंटरफेस कामाच्या पटीत नव्हे, त्याहून वेगाने वाढतात. म्हणून लहान कामाला थोडंच लागतं हे तुमचं म्हणणं बरोबर. पण ५ टक्के म्हणजे शून्य नव्हे. फोरमनच्या डोक्यात आहे ते एका पानावर उतरवलं की तेच ते ५ टक्के.

कुंडई_फॅब | १० जून, सकाळी १०:१२

सांतेरीताईंच्या एका पानावर काय असावं ते मी सांगतो. कूलिंग वॉटरची १०० मिमीची फ्लँज (पाइप जोडायची बोल्टच्या भोकांची चकती) घ्या. एका बाजूचा पुरवठादार युरोपीय मानकाची पीएन १६ देतो, दुसरा अमेरिकन क्लास १५०ची ४ इंची देतो. दोन्हींना भोकं आठच. नकाशात दोन्ही "फ्लँज १०० मिमी". समोरासमोर धरली की सारखीच दिसतात. बोल्ट घालायला गेलं की जात नाही, कारण बोल्टच्या वर्तुळाचा व्यास एकीकडे १८० मिमी, दुसरीकडे १९०.५. साडेदहा मिमीचा फरक. मग साइटवर कापणं, नवी फ्लँज वेल्ड करणं, वेल्डची तपासणी, पुन्हा हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी), आणि तोवर इन्सुलेशनवाला बसून. कार्यशाळेत तासाभराचं काम, साइटवर दीड दिवस.

पानावर फक्त चार रकाने: जोडणी क्रमांक, या बाजूला काय, त्या बाजूला काय, मानक कोणतं. दोन्ही बाजूंच्या माणसांच्या सह्या. बस.

वेर्णे_पॅनेल | १० जून, दुपारी १:२०

कुंडईबाब, विजेच्या बाजूचं हेच दुखणं म्हणजे ४–२० मिलिअँपिअर, मोजलेला आकडा विजेच्या प्रवाहातून पाठवायची रीत. ट्रान्समीटर दोन तारांचा, म्हणजे वीज त्याला लूपमधूनच हवी. पीएलसीचं (यंत्रं चालवणाऱ्या नियंत्रकाचं) इनपुट कार्डही वीज न पुरवणारं. दोन्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात आणि पडद्यावर शून्य. किंवा उलट, दोघंही वीज पुरवणारे. नळी-तारांच्या नकाशात फक्त "४–२०" लिहिलेलं असतं.

मॉडबसमध्ये, म्हणजे यंत्रं एकमेकांना आकडे पाठवतात त्या भाषेत, चुकायच्या आणखी दोन जागा. पुस्तिकेत ४०००१ लिहिलेलं असतं, प्रत्यक्ष पत्ता ०. सगळे आकडे एक घर सरकतात. आणि ३२ बिटांचा दशांश आकडा दोन रजिस्टरांत (आकडे ठेवायच्या घरांत) बसतो, त्यांचा क्रम चिलरवाल्याचा एक, स्काडावाल्याचा उलटा. ७ अंश तापमानाच्या जागी पडद्यावर ०.०० दिसतं. सेन्सर बदलून पाहतात, केबल बदलून पाहतात, आणि शेवटी कोणीतरी क्रम उलटवतो.

मुरगावकर | १० जून, दुपारी १:५५

एककंही त्या पानावर घ्या. २३ सप्टेंबर १९९९ला नासाचं मंगळाकडे पाठवलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर गेलं ते याच कारणाने. एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदात आकडे देत होतं, दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजत होती. फरक ४.४५ पट. दोन्ही बाजूंची गणितं आपापल्या जागी बरोबर होती. इंटरफेसच्या कागदात एकक लिहिलेलंही होतं, पण त्याप्रमाणे झालंय की नाही हे कोणी पडताळलं नाही. म्हणून पान भरणं हा निम्मा खर्च, पडताळणं हा उरलेला निम्मा. एसईचे तास नोंदवताना दोन्ही धरा.

पर्वरी_काठ | १० जून, दुपारी ३:१०

विषय थोडा सोडून: चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी काम सोपवायचं असेल तर हे पान वेळेत भराच. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला घरी पोचायचं असतं. माटोळीचं तरी काय, चौकटीला दोऱ्या आधी नीट बांधलेल्या असल्या तरच फळं मागाहून पटापट लागतात.

सांतेरी | १० जून, दुपारी ३:२५

पर्वरीबाय, दाखला अगदी नेमका दिलात. आता मूळ प्रश्नाकडे, नाहीतर धागा चवथीपर्यंत चालेल.

हिशेबनीस_म्हापसा | १० जून, सायंकाळी ६:४५

बदल-नोंदवही मला पटली. पण तिच्यात एक रोग हमखास शिरतो. कारणाच्या रकान्यात सगळेच "ग्राहकाने बदललं" लिहितात. मग चूक कोणाचीच राहत नाही आणि एसईने काय वाचवलं तेही दिसत नाही.

यावर कसोटी एकच. गरजांच्या बैठकीच्या दिवशी हा प्रश्न विचारला असता तर ग्राहकाला उत्तर देता आलं असतं का? आलं असतं, तर ती गरज निसटली, खर्च एसईच्या खात्यात. नसतं आलं, कारण त्या वेळी बाजार किंवा नियमच वेगळे होते, तर तो खरा बदल. ही विभागणी दोघांनी करावी, एक कामावरचा आणि एक बाहेरचा, आणि नोंद दोन दिवसांच्या आत. महिन्याने भरलेली नोंद म्हणजे आठवणीचा गोषवारा.

तासांचंही तसंच. एसई हे पद नसतं, काम असतं. इंटरफेसच्या बैठकीत बसलेला इलेक्ट्रिकल प्रमुख त्या दोन तासांपुरता एसईच करतो. टाइमशीटमध्ये चार संकेत पुरेत: गरजा, रचना व इंटरफेस, आढावे, पडताळणी. ऑनर यांनी कामाचे आठ गट केले होते, लहान कंपनीत आठ केले तर माणसं सगळे तास पहिल्याच संकेतात टाकतात.

वेर्णे_पॅनेल | १० जून, रात्री ९:०५

आता एक हिशेब मांडतो. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पण प्रमाण नेहमीचं आहे. तपासून द्या.

काम 'अ': ६ कोटी, ४२ इंटरफेस, एसई २४ लाख, रिवर्क (चुकांपायी पुन्हा करावं लागलेलं काम) ८४ लाख, उशीर ९ आठवडे.
काम 'ब': ६ कोटी, २८ इंटरफेस, एसई ६० लाख, रिवर्क २८ लाख, उशीर ३ आठवडे.
उशिराचा एक आठवडा ५ लाखांना धरला.

एसईचा जादा खर्च ३६ लाख. रिवर्कमध्ये वाचले ५६, उशिरात ३०, एकूण ८६. निव्वळ ५०. परतावा १.३९. हे नेऊ का व्यवस्थापनाकडे?

हिशेबनीस_म्हापसा | १० जून, रात्री ९:४०

नेऊ नका. 'ब' लहान आहे, ४२च्या जागी २८च इंटरफेस. 'अ'मध्ये इंटरफेसमागे २ लाखांचं रिवर्क, म्हणजे २८ इंटरफेसना ५६ लाख अपेक्षित होतं, झालं २८. वाचले २८. उशीरही त्याच मापाने ६ आठवडे अपेक्षित, झाला ३, वाचले १५ लाख. एकूण ४३. आणि माप लावायचं तर एसईलाही लावा: 'अ'च्या दराने २८ इंटरफेसना १६ लाखच लागले असते, तेव्हा जादा खर्च ३६ नव्हे, ४४. निव्वळ वजा १ लाख. परतावा शून्याच्या खाली एक केस.

डिचोली_वर्कशॉप | १० जून, रात्री ९:५२

हेच तर मी सकाळपासून सांगतोय.

सांतेरी | १० जून, रात्री १०:३०

थांबा, डिचोलीबाब. सगळे इंटरफेस सारखे कसे धरले? एका ड्राय कॉन्टॅक्टची (नुसत्या चालू-बंद संकेताची) दोन तारांची जोडणी आणि चिलर-स्काडामधली मॉडबस जोडणी, दोन्ही एकेक?

एसईला किती श्रम लागतील याचा अंदाज काढायच्या, रिकार्डो वलेर्डी यांच्या २००५च्या कोसिस्मो प्रारूपात यासाठी वजनं आहेत. प्रणालीचा आकार चार गोष्टींवरून ठरतो: गरजा, इंटरफेस, महत्त्वाचे अल्गोरिदम आणि वापराचे प्रसंग. इंटरफेस सोपा असेल तर वजन १.१, मध्यम २.८, अवघड ६.३.

समजा 'अ'मध्ये ३० सोपे, १० मध्यम, २ अवघड: ३३ + २८ + १२.६ = ७३.६.
'ब'मध्ये ८ सोपे, १२ मध्यम, ८ अवघड: ८.८ + ३३.६ + ५०.४ = ९२.८.

म्हणजे २८ इंटरफेसचं काम ४२वाल्यापेक्षा मोठं निघालं. आता हिशेबनीसांचीच रीत लावू. अपेक्षित रिवर्क १०५.९ लाख, वाचले ७७.९. अपेक्षित उशीर ११.३ आठवडे, वाचले ८.३, म्हणजे ४१.७ लाख. एसई 'अ'च्या दराने ३०.३ लाख लागलं असतं, जादा खर्च २९.७. निव्वळ सुमारे ९०. परतावा ३.

पर्वरी_काठ | १० जून, रात्री १०:३८

एकाच वहीतून १.३९, शून्य आणि ३? मग कोणता खरा?

फर्मागुडी_टेकडी | १० जून, रात्री ११:२०

पर्वरीबाय, या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तुम्ही विचारलात. काम संपल्यावर माप निवडायला बसलं तर तिन्ही खरे ठरवता येतात. म्हणून माप काम सुरू होण्याआधी कुलूपबंद करायचं: आकार कशाने मोजणार, सोपं-मध्यम-अवघड कोण ठरवणार आणि कोणत्या व्याख्येने, आठवड्याचा उशीर किती रुपयांना धरणार, जादा खर्चाची तुलना कशाशी. हे एका पानावर, निविदेच्या दिवशीच, लेखा विभागाच्या सहीनिशी. नंतर वजनं हलवायची नाहीत, मग उत्तर गैरसोयीचं आलं तरी.

आणि दोन कामांवरून निष्कर्ष नको. मापाच्या एककामागचं रिवर्क, म्हणजे इथे लाख भागिले वजनी इंटरफेस, हा एकच आकडा प्रत्येक कामानंतर आलेखावर टिंबाने मांडत जा. आडव्या अक्षावर एसईचा टक्का. सहा-आठ टिंबं झाली की वाटीचा उतार कुठे आहे ते दिसायला लागतं. तोवर आकडा न देता पल्ला द्यावा.

हिशेबनीस_म्हापसा | ११ जून, सकाळी ८:१५

सांतेरीताई, वजनांचा मुद्दा मान्य, माझी मांडणी अपुरी होती. आणखी तीन दुरुस्त्या मात्र माझ्याकडून घ्या.

दुहेरी मोजणी: रिवर्कच्या तासांत साइटवरची माणसं धरलीत, आणि आठवड्याच्या ५ लाखांत तीच माणसं पुन्हा धरलीत, तर परतावा फुगतो. उशिराच्या दरात फक्त दंड, भाड्याची यंत्रं आणि अडकलेल्या पैशाचं व्याज ठेवा. अनेक करारांत दंड आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल १० टक्के असतो. ६ कोटींवर आठवड्याला ३ लाख, वीस आठवड्यांनंतर शून्य.

काळ: एसईचा पैसा आज जातो, वाचतो दीड-दोन वर्षांनी. १२ टक्के दराने दोन वर्षांनंतरचे १०० रुपये आजचे जेमतेम ८०. फार फरक नाही, पण लावा.

तिसरी, विस्कळीत खर्च. दुरुस्तीसाठी दुसऱ्या कामावरून उचललेला माणूस. त्या दुसऱ्या कामाचं नुकसान कोणत्याच वहीत येत नाही. निदान त्याचे तास तरी लिहा.

मुरगावकर | ११ जून, सकाळी ९:५०

आठवड्याचा एकच दर धरण्याला माझी हरकत आहे. गोव्यात नोव्हेंबरचा आठवडा आणि मेचा शेवटचा आठवडा एका भावाचे नाहीत. बोटीच्या सागरी चाचण्या मेअखेर राहिल्या तर पुढचा आठवडा जूनचा नसतो, तो सप्टेंबरच्या शेवटाचा असतो. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादचा बार (उथळ वाळूपट्टा) बोटींना बंद होतो, मांडवीतल्या बार्जना कुंभारजुवे कालव्यातून झुवारीत यावं लागतं. म्हणजे एक आठवड्याची घसरण जवळपास चार महिन्यांची होते. उशिराचा दर महिनावार तक्त्यात द्या, आणि मे महिन्याच्या घरात खरा आकडा टाका. आढाव्यांचे तास वाढवायचे असतील तर त्याचं सगळ्यात भक्कम कारण या एका घरात मिळेल.

कुंडई_फॅब | ११ जून, सकाळी १०:३०

पावसावरून आठवलं, अर्थिंग. जांभ्या दगडाच्या जमिनीत खड्ड्याचा रोध ऑगस्टमध्ये मोजला तर झकास उतरतो, माती ओली असते. तोच खड्डा एप्रिलमध्ये कोरडा पडला की आकडा चढतो, आणि वळवाच्या विजा नेमक्या त्याच काळात. गरजांच्या कागदात नुसतं "रोध इतक्या ओहमच्या आत" लिहिलं तर पावसाळ्यातली चाचणी पास होते आणि मेमध्ये कार्डं जळतात. "पावसाळ्याआधी, कोरड्या जमिनीत मोजून" एवढे शब्द हवेत. पॅनेलच्या पेटीचंही तसंच. किनाऱ्याजवळ खाऱ्या वाऱ्यात ३०४ स्टेनलेसला वर्षभरात तपकिरी ठिपके येतात, ३१६ मागायचं तर ते आधीच लिहावं लागतं.

हा खर्च मात्र काम सोपवल्यानंतरचा, वापराच्या वर्षांतला. वेर्णेबाबांच्या हिशेबात तो कुठेच नाही.

सांतेरी | ११ जून, सकाळी ११:१०

आणि तो ग्राहकाच्या खिशातून जातो, हा खरा पेच. एसईचा खर्च कंत्राटदाराचा, वापराच्या वर्षांतला फायदा ग्राहकाचा. हमीच्या काळापुरता, १२ किंवा १८ महिने, तो कंत्राटदाराच्या वहीत येतो, म्हणून हमीतल्या प्रत्येक फेरीला बदल-नोंदवहीत ओळ द्या. हमीनंतरचा फायदा दाखवायचा असेल तर ग्राहकाशी बोलून वार्षिक देखभालीचा करार दीर्घ मुदतीचा करावा लागेल, तरच दोन्ही टोकं एका हिशेबात येतात. ज्यांचा ग्राहकच स्वतःचं एसई करतो त्यांना हा पेच नाही.

डिचोली_वर्कशॉप | ११ जून, दुपारी १२:४५

कुंडईबाबांचं अर्थिंगचं पटलं. ते फोरमनच्या डोक्यात असतंच असं नाही, तो वर्षाच्या ज्या महिन्यात काम करतो तोच महिना त्याला दिसतो. एक पान मान्य. पण आढावा पुरेसा झाला हे कसं कळायचं? नाहीतर बैठकाच बैठका.

फर्मागुडी_टेकडी | ११ जून, दुपारी २:००

त्याला स्वस्त युक्ती आहे, मासे मोजायची. तळ्यातले मासे पकडून खूण करून सोडतात, पुन्हा पकडतात, आणि खुणेचे किती निघाले यावरून एकूण काढतात.

तोच दस्तऐवज दोघांना स्वतंत्रपणे तपासायला द्या, एकमेकांशी न बोलता. पहिल्याला २० चुका सापडल्या, दुसऱ्याला १५, दोघांनाही सापडलेल्या १०. एकूण अंदाज २० × १५ ÷ १० = ३०. सापडल्या २५. म्हणजे सुमारे ५ अजून आत आहेत. सामाईक १०च्या जागी ३ निघाल्या असत्या तर अंदाज १००, सापडलेल्या ३२, म्हणजे दस्तऐवज पुढे जाण्याच्या लायकीचा नाही. दोघांची नजर एकाच धाटणीची असेल, दोघेही विजेवालेच असतील, तर सामाईक आकडा फुगतो आणि खोटी खातरी मिळते. एक यंत्रांचा आणि एक विजेचा घ्या.

वेर्णेबाबांचा "न झालेली चूक कुठून दाखवू" हा प्रश्नही यातून निम्मा सुटतो. आढाव्यात सापडलेल्या २५ चुका हा प्रत्यक्ष आकडा आहे. त्या साइटवर सापडल्या असत्या तर काय लागलं असतं, हे मुरगावकरांच्या चौकटीतल्या तुमच्याच जुन्या सरासरीवरून लावायचं. फक्त सगळ्या २५ धरू नका. त्यातल्या शुद्धलेखनाच्या, मांडणीच्या काढा, आणि ज्या कार्यशाळेतल्या चाचणीत तशाही पकडल्या गेल्या असत्या त्यांना साइटचा नव्हे, कार्यशाळेचाच दर लावा.

वेर्णे_पॅनेल | ११ जून, रात्री ८:३०

देव बरें करूं सगळ्यांचं. व्यवस्थापनापुढे ठेवायचं ते आता स्पष्ट झालं. परताव्याचा आकडा या वर्षी देत नाही. पुढच्या कामाच्या निविदेसोबत मापाचं पान देतो: वजनी इंटरफेस, महिनावार उशिराचा दर, चार संकेतांचे तास, निसटलेली गरज आणि खरा बदल यांची कसोटी. जुन्या तीन कामांच्या खरेदी-फाइली आणि साइटच्या डायऱ्या चाळून कच्ची आधाररेषा काढतो, तिला 'कच्ची' असंच म्हणतो.

एक शेवटचं विचारतो. ही वही सांभाळायची कोणी? प्रकल्पप्रमुखाकडे दिली तर तो स्वतःच्या चुका लिहील असं धरता येत नाही.

हिशेबनीस_म्हापसा | ११ जून, रात्री ९:१०

खरेदी विभागाकडे. साइटवरचं जवळपास प्रत्येक मोठं रिवर्क कधी ना कधी त्याच्या टेबलावर येतं: नवी फ्लँज, जादा केबल, पुरवठादाराच्या माणसाची फेरी. खरेदी आदेशाच्या दुरुस्तीच्या अर्जावर 'बदल क्रमांक' असा एक रकाना वाढवा. रकाना रिकामा असेल तर अर्ज परत. नुसत्या तासांचे बदल यातून सुटतात, त्यांच्यासाठी टाइमशीटवर तोच क्रमांक मागा.

कुंडई_फॅब | ११ जून, रात्री ९:२५

भंगाराची नोंदही त्याच क्रमांकावर घ्या. कापलेल्या फ्लँजा गेटमधून बाहेर पडताना गेटपास लागतोच.

वेर्णे_पॅनेल | ११ जून, रात्री ९:३२

दोन्ही अर्जांवर रकाना टाकून घेतो. गेटपासचं मनात आलंच नव्हतं.